योगवालीची गोष्ट आणि तेरावं पाप



गेल्या काही महिन्यांत मला सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न कच्च्या केळीच्या भाजीचा नाही, की चातुर्मासातल्या डब्याचा नाही. "त्या योगवालीच्या गोष्टीत खून कोणी केला?" हा आहे. जळगावच्या भिशीत ज्यांनी अर्धीच गोष्ट ऐकली आणि मग लग्नसराईत अडकल्या, त्या फोन करून विचारतात. एकीने तर स्थानकात, सामायिक पाळल्याबरोबर, मुहपत्तीची घडी करता करता विचारलं. मी सांगितलं नाही. इथेही सांगणार नाही, कारण तुमच्यापैकी कोणाला वाचायची असेल तर तिची मजा का घालवा? पण गोष्टीवर आमच्या बायका जे जे बोलल्या ते मात्र सांगते. त्यातलं एक मत मला अजून सोडत नाही.

आधी पुस्तकाबद्दल. नाव 'मर्डर स्ट्राइक्स अ पोझ'. लेखिका ट्रेसी वेबर. अमेरिकेत सिएटल शहरात ती स्वतः योग शिकवते. पुस्तक २०१४ साली आलं, आणि तिकडे अशा कादंबऱ्यांना ॲगाथा ख्रिस्तीच्या नावाने जे पुरस्कार देतात, त्यात पहिल्या कादंबरीच्या यादीत त्याचं नाव होतं. माझ्या भाचीने ते मला टॅबवर घालून दिलं. मी वाचलं, आणि भिशीत मराठीत सांगायला लागले.

गोष्ट अशी. केट डेव्हिडसन नावाची बाई सिएटलमध्ये योगा क्लास चालवते. क्लासच्या दाराशी जॉर्ज नावाचा एक बेघर, दारूच्या आहारी गेलेला माणूस येऊन उभा राहायला लागतो. त्याच्याजवळ बेला नावाची भली थोरली जर्मन शेफर्ड कुत्री. क्लासला येणाऱ्या बायका तिला घाबरतात. केट त्याला हुसकावायला जाते आणि हळूहळू तिघांची मैत्री होते. मग एका रात्री क्लासच्या मागच्या बाजूला जॉर्जचं प्रेत तिलाच सापडतं. पोलीस म्हणतात, नशेच्या धंद्यातलं भांडण असणार, आणि विषय संपवतात. केट म्हणते, हा माणूस पीत होता, पण विकत नव्हता. ती शोध घ्यायला लागते. इकडे बेलाला घर मिळालं नाही तर तिलाही मारून टाकतील, म्हणून तिच्यासाठी घर शोधते.

इंग्रजीत या प्रकाराला 'कोझी मिस्टरी' म्हणतात. कोझी म्हणजे दुलईत शिरून बसल्यासारखी. खून होतो, पण पानाआड होतो. रक्त, मारामारी, शिव्या नाहीत. शोध घेणारी बाई पोलिसातली नसते. बेकरीवाली असते, वाचनालयातली असते, विणकाम शिकवणारी असते. एक लहानसं गाव किंवा गल्ली, सगळे एकमेकांना ओळखणारे, आणि बहुतेक वेळा एखादं मांजर किंवा कुत्रं. या सगळ्यांची आजी म्हणजे ॲगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल. १९३० साली तिची पहिली कादंबरी आली. म्हातारी विणत बसते आणि प्रत्येक नव्या माणसाकडे बघून म्हणते, हा अगदी आमच्या गावातल्या अमक्यासारखा आहे. त्यावरून ती खुनी ओळखते! आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. धनंजय, झुंजार, काळा पहाड. पण ते सगळे पिस्तूलवाले पुरुष. सतरंजी अंथरून श्वास मोजायला लावणारी बाई त्यात कुठली?

जळगावला ही गोष्ट मी चार भिश्यांमध्ये सांगितली. पहिल्या भिशीतच दोन तट पडले. माझ्या मोठ्या जाऊबाई बारा व्रतं घेतलेल्या. त्या म्हणाल्या, "खुनाची गोष्ट करमणूक म्हणून ऐकायची? हा अनर्थदंड झाला." आमच्यातली एक सैतवाळ मैत्रीण, दिगंबर आहे ती, तिने लगेच पुस्ती जोडली, की त्यांच्या श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगतात, त्यात एक 'दुःश्रुति' आहे. मन मलिन होईल असं काही ऐकणं. आता बोला!

मी म्हटलं, जाऊबाई, विकथा चार सांगितल्या आहेत. स्त्रीकथा, भक्तकथा, देशकथा, राजकथा. भक्तकथा म्हणजे खाण्यापिण्याच्या गप्पा. मग आपण मघापासून फुणक्यांची डाळ किती भरड वाटायची यावर अर्धा तास बोललो ते काय होतं? सगळ्या हसल्या, जाऊबाईसुद्धा. पण हसून प्रश्न जात नाही, तो बरोबरच होता. मी असं उत्तर दिलं की आपल्या कथांत खून काय कमी आहेत? गजसुकुमाल मुनींच्या डोक्यावर सोमिलाने धगधगते निखारे ठेवले. खंधक मुनींच्या पाचशे शिष्यांना पालकाने घाण्यात घातलं. लहानपणापासून आपण हे ऐकतो. फरक एवढाच, की आपल्या कथेत कोणी मारलं हे पहिल्या ओळीतच सांगतात. तिथे बघायचं असतं ते मरणाऱ्याच्या मनात काय चाललं आहे ते. इंग्रजी गोष्टीत मरणाऱ्याचं मन कोणी विचारत नाही, फक्त मारणाऱ्याचं नाव विचारतात.

जाऊबाई म्हणाल्या, "मग तूच सांगितलंस की, आपली बरी." पण पुढच्या भिशीला सगळ्यांच्या आधी येऊन बसल्या. आणि सत्यजित राय यांचा फेलूदा मराठीत आणणाऱ्याचं आडनाव जैन आहे, अशोक जैन, हे मी सांगितल्यावर त्यांचा विरोध बराच मऊ झाला.

दुसरा वाद योगावरून. आमच्या भिशीतल्या एकीची सून सकाळी साडेपाचला बागेत योगा क्लास घेते, आणि ती मुद्दाम ऐकायला आली होती. तिचं मत असं, की लेखिकेला विषय माहीत आहे. बाकीच्या परदेशी पुस्तकांत योग म्हणजे वाकणं आणि पाय मानेत घालणं. इथे केट वारंवार अहिंसेशी झगडते. तिचा स्वभाव तापट आहे, तोंडावर ताबा नाही, आणि शिकवते शांती. पतंजलीचे पाच यम म्हणजे अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह. तिने बोटांवर मोजले तर सासूबाई एकदम म्हणाल्या, "अगं, ही तर आपली पाच व्रतं!" आहेतच. हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात कुमारपाळ राजासाठी 'योगशास्त्र' लिहिलं. त्याचे बारा प्रकाश. पहिल्या तीनमध्ये आचरण आणि व्रतं, आसनं येतात ती चौथ्यात, आणि प्राणायाम त्याच्याही नंतर. म्हणजे आधी वागणं सुधारा, मग पाठ सरळ करा.

थोडं विषयांतर होतंय, पण ही मौज राहून जाईल. तत्त्वार्थसूत्रात योग या शब्दाचा अर्थच वेगळा आहे. मन, वचन, काया यांची हालचाल म्हणजे योग, आणि तिच्यामुळेच कर्म येऊन चिकटतं. म्हणून चौदाव्या गुणस्थानाला 'अयोगी' म्हणतात. जगाला योग करायचा आहे, आपल्याला शेवटी तो थांबवायचा आहे. हे ऐकून ती सून म्हणाली, "मावशी, माझ्या क्लासमध्ये नका सांगू, फी बुडेल."

शवासनाला इंग्रजीत 'कॉर्प्स पोझ' म्हणतात, प्रेताची पोझ, आणि खुनाच्या गोष्टीत त्या शब्दावर कोट्या होणारच. एकीला ते बिलकूल आवडलं नाही. आपण काउसग्गात उभं राहून लोगस्स मोजतो, काया वोसिरावतो. काया सोडायची म्हणजे प्रेत व्हायचं असं नाही, उलट तेव्हाच तर आपण जागे असतो, असं ती म्हणाली. मला वाटतं ती थोडी जास्त मनावर घेत होती. पण मुद्दा चांगला होता म्हणून इथे नोंदवला.

सगळ्यात लांबली ती कुत्रीची चर्चा. बेलाला एक आजार आहे. स्वादुपिंडातून अन्न पचवणारा रसच येत नाही. कितीही खाल्लं तरी जनावर वाळत जातं. जर्मन शेफर्ड जातीत हा आजार बऱ्याच वेळा दिसतो, आणि लेखिकेच्या स्वतःच्या कुत्रीलाही तो होता. उपाय म्हणजे प्रत्येक जेवणात पाचक रसाची पूड मिसळायची, जन्मभर. ही पूड साधारणपणे डुकराच्या स्वादुपिंडापासून करतात. केट स्वतः मांस खात नाही. आता सांगा, अहिंसा मानणारीने एका जिवासाठी दुसऱ्याचं काय करायचं?

एक म्हणाली, आपण असतो तर पांजरापोळात दिली असती, दूध-पोळीवर राहिली असती. पण अशा कुत्रीला दूध-पोळीही पचणार नाही, मग ती डोळ्यांसमोर उपाशी मरणार. दुसरी म्हणाली, "त्या बाईने घ्यायचीच नव्हती." मग कोणी घ्यायची? यावर कोणी बोलेना. तेव्हा सासूबाई, ज्या एरवी भिशीत डुलकी काढतात, म्हणाल्या, "माझ्या वडिलांना इन्शुलिन होतं. तेव्हाचं कशापासून यायचं माहीत आहे ना?" माहीत होतं. १९८२ नंतर माणसाच्या इन्शुलिनसारखं, प्रयोगशाळेत केलेलं इन्शुलिन बाजारात यायला लागलं. त्याआधी ते गाई-डुकरांपासूनच काढायचे. "वडिलांनी एक वर्षभर घेतलंच नाही. मग पाय काळा पडायला लागला. मग घेतलं. रोज सुई टोचून घेताना डोळे मिटून नवकार म्हणायचे. ते बरोबर की चूक मला ठाऊक नाही. पण आम्हाला वडील बारा वर्षं जास्त मिळाले." सासूबाईंच्या तोंडून ही हकिगत मी लग्नानंतर इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकली. कुत्रीमुळे ऐकली.

बाकी जळगावची चर्चा म्हणजे अर्थात, खुनी कोण. तिसऱ्या भिशीपर्यंत प्रत्येकीने नाव पक्कं केलं होतं. आणि मिस मार्पलसारखंच. "तो अगदी आमच्या अमक्या दुकानदारासारखा बोलतो, तोच असणार." "ती फार गोड बोलते, अशा बायका मी पाहिल्यात." "त्याच्याकडे पैसे अचानक कुठून आले?" चौथ्या भिशीत उत्तर कळलं तेव्हा अकरा जणींपैकी एकीचंच नाव बरोबर निघालं, आणि तीही म्हणाली की मी चेष्टेत घेतलं होतं. टाळ्या झाल्या, दालबट्टी झाली, मंडळी घरी गेली.

धुळ्याला गोष्ट वेगळीच झाली.

धुळं माझं माहेर. एरंडोल, पारोळा करत दोन तासांचा रस्ता, पण उन्हाळ्यात दुपारी त्या बसमध्ये दोन तास म्हणजे तपच. मी गेले तेव्हा वहिनीकडे उडदाचे पापड लाटायला गल्लीतल्या दहा-बारा जणी जमल्या होत्या. कूलर लावता येत नाही, पापड उडतात. हात कामात, तोंडं मोकळी. वहिनी म्हणाली, "जळगाववाल्यांना सांगता, आम्हाला नाही का सांगणार ताई?" मग मी तिथे सलग अडीच तासांत अख्खी गोष्ट सांगितली. मध्ये कोणी विचार करायला उसंतच नाही. त्यामुळे नावं घेणं कमी झालं आणि शेवट झाल्यावर सगळ्या थोडा वेळ नुसत्या लाटत राहिल्या.

त्यांत एक काकी होत्या. साठी ओलांडलेल्या, सगळ्यांत पातळ पापड त्यांचा. त्यांच्या परवानगीने लिहिते. नाव लिहू नको म्हणाल्या, बाकी खुशाल लिही.

काकी म्हणाल्या, "गोष्ट चांगली आहे. पण अर्धी आहे."

मी म्हटलं, "अर्धी कशी? खुनी सापडला की."

"सापडला. पण ज्यांच्यावर संशय घेतला त्यांचं काय? त्या योगवालीने घेतला, पोलिसांनी घेतला, आपण इथे बसून घेतला. चार-पाच माणसं होती. खरा माणूस सापडल्यावर त्यांच्याकडे कोणी गेलं का, की बाबा, तुझं नाव घेतलं, चुकलं?"

मी आठवून बघितलं. अशा गोष्टींत तशी पद्धतच नसते. खुनी सापडला की बाकीचे आपोआप सुटले.

"आपोआप कोणी सुटत नाही," काकी म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. घरातली सोन्याची चेन हरवली, सासूबाईंची. घरात सहा माणसं आणि भांडी घासायला येणारी बाई. त्याच महिन्यात काकींच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं होतं आणि वडिलांनी इकडून तिकडून पैसे उचलले होते. बस, एवढं पुरलं. तोंडावर कोणी एक शब्द बोललं नाही. फक्त कपाटाची किल्ली त्यांच्या कमरेहून सासूबाईंच्या कमरेला गेली. माहेरी जाताना पिशवी एकदा "नीट भरली का बघू" म्हणून उघडली गेली. दोन दिवसांनी भांडीवालीला काढून टाकलं. तिला तर कोणी कारणही सांगितलं नाही.

आठ महिन्यांनी गाद्या पिंजायला काढल्या. पिंजाऱ्याने कापसातून चेन काढली आणि सासूबाईंच्या हातावर ठेवली. सासूबाई म्हणाल्या, "सापडली बरं का." संध्याकाळी किल्ली परत आली. संपलं.

"व माय!" वहिनीच्या तोंडून निघालं. तिचं लाटणं थांबलं होतं.

"पुढे तीस-एक वर्षं आम्ही एकत्र राहिलो," काकी म्हणाल्या. "माणूस वाईट नव्हतं. माझी बाळंतपणं त्यांनीच केली. दर संवत्सरीला मला जवळ घेऊन मिच्छामि दुक्कडम् म्हणायच्या. मन, वचन, कायेने जे काही झालं असेल ते. सगळ्याची एकदम. मी वाट बघायचे, की या वर्षी चेन म्हणतील. नाही म्हणाल्या. गेल्या त्याला नऊ वर्षं झाली."

मग कोणीतरी मेतार्य मुनींची आठवण काढली. सज्झाय तुम्हाला सगळ्यांना येते, तरी प्रसंग सांगते. राजगृहीचा सोनार श्रेणिक राजासाठी सोन्याचे एकशे आठ जव घडवत होता. मेतार्य मुनी गोचरीला आले. सोनार आत आहार आणायला गेला, तेवढ्यात क्रौंच पक्ष्याने जव गिळले. सोनार बाहेर आला तर जव नाहीत आणि समोर फक्त मुनी. त्याने विचारलं. मुनींनी पक्ष्याला बघितलं होतं. नाव सांगितलं तर सोनार पक्ष्याचं पोट फाडणार, आणि खोटं तर बोलायचं नाही. ते गप्प राहिले. सोनाराने ओल्या चामड्याची वादी त्यांच्या डोक्याला आवळून त्यांना उन्हात उभं केलं. वादी वाळत गेली, आवळत गेली. मुनींना केवळज्ञान झालं आणि प्राण गेला. मग लाकडाची मोळी धाडकन पडली, पक्षी दचकला आणि त्याच्या पोटातून जव बाहेर पडले.

जळगावला मी म्हटलं होतं की आपल्या कथांत रहस्य नसतं. या कथेत आहे. हरवलेला माल आहे, समोर सापडलेला संशयित आहे, खरा चोर छपरावर बसला आहे, आणि ज्याला सगळं माहीत आहे तो बोलत नाही. मिस मार्पलने हे दोन मिनिटांत सोडवलं असतं, आणि पक्षी मेला असता.

काकी म्हणाल्या, "मुनी पक्ष्यासाठी गप्प राहिले, म्हणून त्यांची सज्झाय झाली. मी कोणासाठी गप्प राहिले? माहेरी कळू नये म्हणून. त्याची काही सज्झाय होत नाही." आणि हसल्या. काकींचं हसणं कडवट नाही, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. चेहऱ्यावरून तुम्हाला वाटलं असतं की पापडाबद्दल बोलताहेत.

"पण सोनाराने शेवटी दीक्षा घेतली," एक मुलगी म्हणाली.

"घेतली. त्याने निदान काय केलं ते त्याला कळलं."

परत येताना बसमध्ये मी अठरा पापस्थानकं मोजत होते. प्रतिक्रमणात आपण ती भराभर म्हणून जातो. प्राणातिपात पहिलं. खुनाच्या गोष्टीवर जाऊबाईंचा आक्षेप त्याच्यावरून होता. पण बारा कलह झाला की तेरावं येतं, अभ्याख्यान. खोटा आळ घेणं. मला वाटतं रहस्यकथा वाचणारीचं पाप पहिलं नसून हे तेरावं आहे. खून गोष्टीत एकच होतो, तोही पानाआड, आणि तो आपण करत नाही. आळ मात्र आपणच घेतो. पानोपानी घेतो, मजेने घेतो. लेखिका तो आपल्याकडून घेववते. हा फार गोड बोलतो, हिच्याकडे पैसे कुठून आले, हा आमच्या अमक्यासारखा दिसतो. काकींच्या सासरी त्या महिन्यात नेमकं हेच झालं होतं. बापाने उसने पैसे घेतले, म्हणजे मुलीने चेन नेली.

आणि तरीही मी हे पुस्तक कोणाला वाचू नका म्हणणार नाही. कारण दुसरी गोष्ट मला त्याच बसमध्ये पारोळ्याच्या पुढे सुचली. या कादंबरीत सगळ्यांत मोठा आळ कोणावर आहे? मेलेल्यावर. जॉर्ज बेघर, दारुडा, म्हणून पोलिसांनी ठरवलं की तो नशा विकत असणार. बोलायला तो शिल्लक नाही. केट जी धडपड करते ती खुनी पकडण्यासाठी आहेच, पण तिची पहिली तक्रार ही आहे, की त्याला जे म्हणताय ते तो नव्हता. एका दारुड्याच्या अंगावरचा आळ पुसायला कोणी एवढं करतं, तेही स्वतःचा क्लास सांभाळून! जळगावला अकरा जणींत हे कोणी बोललं नव्हतं. आम्ही नावं काढण्यात गुंतलो होतो.

मी काकींना फोन करून हे सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मग ती बाई चांगली आहे. तापट असू दे." आणि त्यांनी मला एक विचारलं, की त्या भांडीवालीचं पुढे काय झालं असेल गं? त्यांनी तिला शोधलं होतं, चेन सापडल्यावर लगेच, सासूबाईंना न सांगता. ती गाव सोडून मुलीकडे सुरतेला गेली होती. पत्ता मिळाला नाही. दिवाळीला तिच्या नावाने काढलेली साडी त्यांनी दोन वर्षं ठेवली, मग नव्या बाईला दिली.

त्या लेखिकेचं दुसरं पुस्तकही मी आता सांगायला घेतलं आहे. 'अ किलर रिट्रीट', २०१५ सालचं. ऑर्कस नावाच्या बेटावर एका पूर्ण शाकाहारी, दूधही न वापरणाऱ्या आश्रमात लग्न आहे. केट तिथे योग शिकवायला जाते, एका पाहुणीशी तिचं सगळ्यांसमोर जोरात भांडण होतं, आणि ती पाहुणी मेलेली सापडते. म्हणजे या वेळी आळ केटवरच. जाऊबाईंना हे ऐकूनच बरं वाटलं. "आता कळेल तिला," म्हणाल्या.

या वेळी आम्ही एक नियम केला आहे, आणि तो जाऊबाईंनीच काढला. प्रत्येकीने आपला संशयित चिठ्ठीवर लिहून लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकायचा. गोष्ट संपली की चिठ्ठ्या मोठ्याने वाचायच्या, आणि जिचं चुकलं तिने त्या पात्राचं नाव घेऊन मिच्छामि दुक्कडम् म्हणायचं. सगळ्यांचं एकदम चालणार नाही, एकेकाचं नाव घेऊन. पहिल्यांदा सगळ्या खूप हसल्या. कागदातल्या माणसाची माफी! मग आमच्या भिशीतली एक, जिच्या घरातून गेल्या वर्षी स्वयंपाकवाली अचानक सोडून गेली होती, हसता हसता थांबली. तिने काही सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही.

धुळ्याहून काकींनी फोनवर आपली चिठ्ठी सांगितली. दोन नावं होती. मी म्हटलं, काकी, एकच चालतं. तर म्हणाल्या, "मग माझे भिशीचे पैसे डबल घे, पण मला दोघांवरही संशय आहे."

बरणीत त्यांच्या दोन चिठ्ठ्या आहेत.